वरची रजिस्टरं भरलेली, खालची रिकामी: रजिस्टर क्लास कधी आणि कशावरून ठरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एव्हीआरसाठी, म्हणजे आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपसाठी, स्वतःचा छोटा कंपायलर लिहिला आहे. एखादं व्हर्च्युअल रजिस्टर (खरं रजिस्टर ठरण्याआधीचं तात्पुरतं नाव) ज्या ज्या इन्स्ट्रक्शनमध्ये येतं, त्या सगळ्यांच्या अटींचा छेद काढून त्याचा क्लास, म्हणजे ते कोणत्या खऱ्या रजिस्टरांत बसू शकतं तो गट, ठरवला आहे आणि मग लिनिअर स्कॅन (कोडच्या क्रमाने एकेक करून रजिस्टरं वाटायची पद्धत) चालतो. कोड बरोबर चालतो, पण आर१६ ते आर३१ कायम भरलेली, स्पिलवर स्पिल (रजिस्टर न उरल्याने मूल्य मेमरीत टाकणं), आणि आर२ ते आर१५ रिकामी पडून. जीसीसी आणि एलएलव्हीएम हे मोठे कंपायलर हा क्लास कधी ठरवतात आणि कशावरून?

तुमचा अलोकेटर, म्हणजे रजिस्टरं वाटणारा भाग, त्याचं काम नीट करतोय. अडचण त्याच्या आधीच्या पायरीत, त्या छेदात आहे. अट असते ती एका इन्स्ट्रक्शनच्या एका ऑपरंडची (ती ज्यावर चालते त्या मूल्याची). तुम्ही ती व्हेरिएबलच्या सबंध आयुष्याला लावलीत. व्हेरिएबल पाचशे इन्स्ट्रक्शन जगतं आणि त्यातली एकच वरची रजिस्टरं मागते, तरी तुमच्या हिशोबात ते जन्मभर वरच्याच सोळांत अडकतं. दोन्ही मोठे कंपायलर यातून सुटतात, पण दोघांची वाट वेगळी आहे. ती समजण्याआधी क्लास मुळात येतात कुठून ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय तिथूनच निघतात.

एव्हीआरची बहुतेक इन्स्ट्रक्शन १६ बिटांची. एडीडीमध्ये ६ बिट ऑपकोडला (काम कोणतं ते सांगणाऱ्या आकड्याला) जातात आणि दोन रजिस्टरांना ५-५ बिट मिळतात. ५ बिटांत बत्तीसच्या बत्तीस रजिस्टरं मावतात. रजिस्टरमध्ये स्थिरांक भरणाऱ्या एलडीआयचं गणित बघा: स्थिरांकाला ८ बिट, ऑपकोडला ४, उरले ४. चार बिटांत सोळाच रजिस्टरं सांगता येतात, म्हणून एलडीआय फक्त आर१६ ते आर३१ वर चालते. ओआरआय, एएनडीआय, एसयूबीआय, सीपीआय या स्थिरांक घेणाऱ्या इन्स्ट्रक्शनचंही तेच. रजिस्टरांच्या जोडीत स्थिरांक मिळवणाऱ्या एडीआयडब्ल्यूमध्ये स्थिरांकाला ६ बिट गेल्यावर रजिस्टरला २ बिट उरतात, म्हणून तिच्या वाट्याला आर२४, आर२६, आर२८, आर३० पासूनच्या चारच जोड्या. इतर प्रोसेसरांतही हेच दिसतं. एक्स८६ च्या पत्त्यात इंडेक्सच्या जागी आरएसपीचा (स्टॅक पॉइंटरचा) आकडा आला की त्याचा अर्थ 'इंडेक्स नाही' असा होतो. म्हणून एलएलव्हीएममध्ये स्टॅक पॉइंटर वगळलेला वेगळा क्लास आहे. ए-आर्क-६४ (६४ बिट आर्म) मध्ये ३१ हा आकडा काही इन्स्ट्रक्शनमध्ये शून्य रजिस्टर असतो आणि काहींमध्ये स्टॅक पॉइंटर, त्यामुळे तिथेही दोन क्लास. थोडक्यात, ऑपकोडमध्ये रजिस्टरसाठी किती बिट उरले आणि ते कसे वाचायचे ठरले, यातून क्लास जन्मतो. तो त्या इन्स्ट्रक्शनपुरताच खरा असतो.

आता छेदाची किंमत किती पडते ते आकड्यांत मांडतो. समजा 'ध्वज' नावाचं एक बाइटचं व्हेरिएबल आहे. फंक्शनच्या सुरुवातीला त्याचा सातवा बिट (शून्यापासून मोजून) सेट होतो, पुढे लूपमध्ये ते वाचलं जातं, आणि लूपमध्ये एक फंक्शन कॉल आहे. सातवा बिट सेट करायला ओआरआय वापरली, तर छेदानुसार 'ध्वज' वरच्या सोळांत गेलं. पण ते कॉलपलीकडे जगतं. एव्हीआर-जीसीसीचा एबीआय (फंक्शन कॉलचे ठरलेले नियम) पाळत असाल तर कॉलनंतर शाबूत राहणारी रजिस्टरं म्हणजे आर२ ते आर१७ आणि आर२८, आर२९. त्यातली वरच्या सोळांतली चारच: आर१६, आर१७, आर२८, आर२९. आणि एकदा का काही स्पिल झालं, की स्टॅकवरची जागा गाठायला वाय पॉइंटर, म्हणजे आर२८-२९ ची जोडी, फ्रेमसाठी जाते. उरली दोन. म्हणजे पहिल्या स्पिलमुळेच दुसऱ्या स्पिलची वेळ येते. तुम्हाला 'स्पिलवर स्पिल' दिसतंय त्यामागे बहुधा हेच चक्र आहे.

हेच 'ध्वज' आर५ मध्ये ठेवलं तर? ओआरआय चालणार नाही, पण हे चालेल:

एलडीआय आर२४, १२८
ओआर आर५, आर२४

दोन सायकल. आर२४ ची गरज त्या एका क्षणापुरती, पुढच्याच इन्स्ट्रक्शनला ते मोकळं. वरच्या रजिस्टरमध्ये असतं तर ओआरआयला एक सायकल लागली असती. स्पिल झालं असतं तर मेमरीतून वाचणाऱ्या एलडीडीला दोन, ओआरआयला एक, परत लिहिणाऱ्या एसटीडीला दोन, अशा पाच, आणि शिवाय लूपमधल्या प्रत्येक वाचनाला दोन. म्हणजे तुम्ही एक सायकल वाचवायला गेलात आणि लूपच्या प्रत्येक फेरीला दोन सायकल भरल्यात. (एकच बिट सेट करायचा असेल तर एसईटी आणि बीएलडी अशी जोडीही आहे. बीएलडी बत्तीसही रजिस्टरांवर चालते आणि जादा रजिस्टर लागत नाही, फक्त प्रोसेसरचा टी हा स्टेटस बिट बिघडतो. क्लासची अडचण पुष्कळदा इन्स्ट्रक्शन निवडतानाच अशी सुटते, ते विसरू नका.)

वाचलेली एक सायकल आणि फेरीमागे भरलेल्या दोन हे आकडे शेजारी ठेवलेत की जीसीसी काय करतो ते कळतं, कारण तो नेमका असाच हिशोब करतो.

जीसीसीमध्ये रजिस्टर वाटप हाताळणारा भाग म्हणजे आयआरए (इंटिग्रेटेड रजिस्टर अलोकेटर). व्लादिमीर मकारॉव्ह यांनी तो लिहिला आणि २००९ च्या ४.४ आवृत्तीत तो आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात रंग भरणं (म्हणजे प्रत्यक्ष रजिस्टर नेमून देणं) वगैरे काही नसतं, असतो तो फक्त खर्चाचा तक्ता. प्रत्येक व्हर्च्युअल रजिस्टरसाठी प्रत्येक क्लासचा एक रकाना आणि मेमरीचा एक रकाना. कंपायलर एकेक इन्स्ट्रक्शन घेतो. बॅकएंडच्या (कंपायलरच्या त्या प्रोसेसरपुरत्या भागाच्या) वर्णनात त्या इन्स्ट्रक्शनचे पर्याय लिहिलेले असतात. आपल्या 'ओआर'ला असे मुख्य दोन पर्याय आहेत: दोन्ही ऑपरंड कुठल्याही रजिस्टरमध्ये, किंवा पहिला वरच्या सोळांत आणि दुसरा स्थिरांक. आता प्रत्येक क्लाससाठी तो विचारतो: हे मूल्य या क्लासमध्ये असतं, तर सगळ्यांत स्वस्त पर्याय केवढ्याला पडला असता? गरज पडेल तिथे एका क्लासमधून दुसऱ्यात हलवण्याचा खर्च धरतो. साधी रजिस्टर-ते-रजिस्टर हलवाहलव म्हणजे २, हे त्याचं नेहमीचं माप. आलेल्या आकड्याला ती इन्स्ट्रक्शन किती वेळा चालण्याचा अंदाज आहे त्याने गुणतो आणि रकान्यात मिळवतो.

सगळं फंक्शन फिरून झालं की प्रत्येक रकान्यात एक बेरीज असते. सगळ्यांत कमी बेरजेचा क्लास हा पसंतीचा. मेमरीच त्याहून स्वस्त निघाली तर पसंतीचा क्लास 'एकही नाही'. पण इथेच थांबत नाहीत. मेमरीपेक्षा स्वस्त पडणारे बाकीचे क्लास एकत्र करून पर्यायी क्लास बनतो, आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल तेव्हा प्रत्यक्ष वाटपासाठी पसंतीचा आणि पर्यायी मिळून जो मोठा क्लास होतो तोच सहसा वापरला जातो. 'ध्वज'च्या बाबतीत पसंतीचा क्लास वरची सोळा, पण खालची सोळाही मेमरीपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून वाटपाचा क्लास सगळी रजिस्टरं. वरच्यांचा एका सायकलचा फायदा कुठे वाया जात नाही. प्रत्येक रजिस्टरचा वेगळा खर्च सोबत जातो आणि रंग भरताना तो बघितला जातो. अट सक्तीची उरत नाही, किंमत होते. पुढे ज्याला आर५ मिळालं त्याची ओआरआय दुरुस्त करायचं काम रीलोड किंवा एलआरए या पुढच्या टप्प्याकडे.

एक बारकावा. दोन व्हर्च्युअल रजिस्टरांमध्ये नुसती कॉपी असेल तर एकाचा खर्च दुसऱ्याच्या क्लासवर अवलंबून असतो, आणि दुसऱ्याचा क्लास अजून ठरलेला नसतो. जीसीसी यासाठी -ओ२ वर (ऑप्टिमायझेशनच्या दुसऱ्या पातळीवर) तक्ता दोनदा भरतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीची पसंती हाताशी असते. त्याहून जास्त फेऱ्या नाहीत, आणि व्यवहारात दोनच पुरतात.

या पद्धतीची दुखरी बाजूही आहे. पूर्णांक रजिस्टरं आणि फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं यांची बेरीज सारखी आली तर दोन्हींचा मिळून क्लास बनतो आणि मूल्य भलत्याच बाजूला जाऊन बसू शकतं. ए-आर्क-६४ च्या बॅकएंडने यासाठी खास हुक (स्वतःचा नियम घालायची सोय) लिहिलाय. असा मिश्र क्लास आला तर आधी पसंतीचा क्लास बघायचा, तोही मिश्रच असेल तर मूल्याचा प्रकार बघायचा: फ्लोट किंवा व्हेक्टर असेल तर फ्लोटिंग बाजू, नाहीतर साधी रजिस्टरं. खर्चाचा तक्ता कितीही चांगला असला तरी बरोबरी फोडायला बॅकएंड लिहिणाऱ्याची समज लागतेच.

एलएलव्हीएम उलट्या टोकाकडून येतो. तिथे इन्स्ट्रक्शन निवडतानाच प्रत्येक व्हर्च्युअल रजिस्टरला क्लास मिळतो, आधी प्रकारावरून. बॅकएंडने सांगून ठेवलेलं असतं की ८ बिट पूर्णांक या क्लासमध्ये, ३२ बिट त्या. मग ते मूल्य जिथे वापरलं जातं तिथल्या ऑपरंडची अट आली की क्लास आकसतो. म्हणजे काय, तर छेदच! तुम्ही केलंत तेच. फरक दोन ठिकाणी आहे.

पहिला फरक: छेदाला तळ आहे. आकसून आकसून चारपेक्षा कमी रजिस्टरं उरणार असतील तर एलएलव्हीएम आकसवत नाही, नवं व्हर्च्युअल रजिस्टर बनवून मध्ये कॉपी टाकतो. वरच्या सोळांची अट आली तर सोळा चारपेक्षा जास्त, म्हणून आकसतो. ऑफसेटसकट पत्ता घेणाऱ्या जोड्या वाय आणि झेड या दोनच, तिथे मूळ मूल्याला हात न लावता कॉपी होते. चार हा आकडा कुठल्या प्रमेयातून आलेला नाही, तो अनुभवाचा आहे, पण तुमच्या कंपायलरमध्ये आजच घालता येईल इतका सोपा आहे.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. आकसलेला क्लास परत रुंद होऊ शकतो. एलएलव्हीएमचा ग्रीडी अलोकेटर (याकोब स्टॉकलुंड ओलेसेन यांचा, २०११ च्या ३.० आवृत्तीपासून मुख्य) रजिस्टर मिळालं नाही की लगेच स्पिल करत नाही, आधी लाइव्ह रेंज (मूल्य जिवंत असतं तेवढा कोडचा पट्टा) तोडून बघतो. तोडल्यावर प्रत्येक तुकड्यासाठी विचारतो: या प्रकाराचा कायदेशीर सगळ्यांत मोठा क्लास कोणता, आणि या तुकड्यात राहिलेल्या वापरांनी तो किती आकसतो? 'ध्वज'चा लूपमधला तुकडा फक्त वाचला जातो, ओआरआय त्यात नाहीच, म्हणून तो बत्तीस रजिस्टरांच्या क्लासमध्ये परत जातो आणि आर५ घेतो. ओआरआयभोवतीचा इवलासा तुकडा वरच्या सोळांत राहतो. अगदी एकेका इन्स्ट्रक्शनभोवती तोडायची पायरीसुद्धा आहे. एरवी ती फायद्याची नसते, कारण स्पिलर जवळपास तेच करतो. पण क्लास अरुंद असेल तेव्हा ती उपयोगी पडते: मेमरीऐवजी मोठ्या क्लासमध्ये स्पिल केल्यासारखं होतं. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर या एका पायरीत आहे.

क्लास आंधळेपणाने रुंद करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. एक्स८६-६४ वर एएच, बीएच, सीएच, डीएच ही एका बाइटची रजिस्टरं आरईएक्स प्रीफिक्स (इन्स्ट्रक्शनच्या आधी लागणारा जादा बाइट) असलेल्या इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिताच येत नाहीत. म्हणून तिथून काढलेल्या बाइटसाठी प्रीफिक्स न लागणारा वेगळा क्लास आहे आणि बॅकएंडने त्याला रुंद करायला स्पष्ट मनाई केली आहे. रुंद केला असता तर ती कॉपी एन्कोडच झाली नसती.

एकाच रजिस्टरचा क्लास हा सगळ्यांत टोकाचा प्रकार. एक्स८६ वर व्हेरिएबलइतकं शिफ्ट करायचं तर आकडा सीएलमध्येच हवा. जीसीसीच्या वर्णनात त्या ऑपरंडवर सीएक्सची अट लिहिलेली असते आणि ती वरच्या खर्चाच्या तक्त्यातून जाते. एलएलव्हीएम मात्र व्हर्च्युअल रजिस्टरला असा क्लास देतच नाही. शिफ्टच्या अगदी आधी आकड्याची कॉपी थेट सीएलमध्ये करतो आणि शिफ्ट ते गृहीत धरते. मूळ आकडा कुठेही राहायला मोकळा. ती कॉपी अलोकेटरला फक्त इशारा म्हणून उपयोगी पडते: जमलं तर आधीपासूनच सीएक्समध्ये ठेव, म्हणजे कॉपी उडेल. एका रजिस्टरच्या क्लासमध्ये दोन मूल्यं एकाच वेळी जिवंत राहिली की कितीही हुशार अलोकेटर असला तरी हात टेकतो, म्हणून अशी अट लांब लाइव्ह रेंजवर कधीच ठेवायची नाही. बीएमआय२ या एक्स८६ च्या नंतरच्या इन्स्ट्रक्शन संचात एसएचएलएक्स ही शिफ्ट आली आणि आकडा कुठल्याही रजिस्टरमधून घेता येऊ लागला. त्या प्रोसेसरांवर शिफ्टची ही अडचण बहुतांशी संपली.

काही ठिकाणी हा प्रश्न वेगाचा नसतो, बरोबर-चूक असा असतो. एएमडीच्या जीपीयूवर स्केलर रजिस्टरमध्ये सगळ्या लेनसाठी (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या धाग्यांसाठी) मिळून एकच मूल्य राहतं, व्हेक्टर रजिस्टरमध्ये प्रत्येक लेनसाठी वेगळं. लेननुसार बदलणारं मूल्य स्केलरमध्ये ठेवलं तर उत्तरच चुकेल. तिथे मूल्य सगळीकडे सारखं आहे का याचं विश्लेषण आधी होतं, क्लास त्यावरून ठरतो. एव्हीआरवर तुम्हाला याची गरज नाही.

आता तुमच्या कंपायलरकडे. व्हेरिएबलचा क्लास प्रकारावरून द्या: एक बाइट असेल तर सगळी रजिस्टरं. अरुंद अट असलेल्या प्रत्येक वापराशी इन्स्ट्रक्शनपुरतं नवं व्हर्च्युअल रजिस्टर बनवा, अरुंद क्लास त्यालाच द्या, आणि मूळ व्हेरिएबलला 'जमलं तर हेच रजिस्टर' असा इशारा द्या. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक बेरीज ठेवा: वरच्या सोळांत असतं तर किती सायकल वाचल्या असत्या, गुणिले किती वेळा चालतं. लूपमध्ये तीन वेळा एएनडीआयला लागणारं व्हेरिएबल वर राहावं आणि 'ध्वज'ने खाली जावं, हे त्या बेरजेवरून ठरेल.

लिनिअर स्कॅनमध्ये दोन गोष्टी सांभाळा. ही इवली इंटरव्हल (त्या नव्या व्हर्च्युअल रजिस्टरांची छोटी आयुष्यं) कधीच स्पिल करायची नाहीत. केलीत तर स्पिलचं लोड परत तसंच इवलं इंटरव्हल बनवेल आणि अलोकेटर त्याच जागी गोल फिरत राहील. एलएलव्हीएमही इतक्या छोट्या रेंजला 'स्पिल करू नये' अशी खूण लावतो. दुसरी गोष्ट: इवल्या इंटरव्हलला वर जागा नसेल तर वर बसलेल्यांपैकी ज्याचा क्लास रुंद आणि बेरीज कमी आहे त्याला हुसकवा, पण मेमरीत नाही, आधी खालच्या रिकाम्या रजिस्टरांत. हा एवढा बदल केलात तरी तुमचे बहुतेक स्पिल जातील.

त्यानंतर कोअलेसिंग (कॉपीच्या दोन्ही बाजू एकाच रजिस्टरमध्ये जोडणं) चालवत असाल तर ते तपासा. अरुंद तुकडा आणि रुंद व्हेरिएबल यांच्यामधली कॉपी त्याला फुकट उडवण्यासारखी दिसते. त्याने दोघं जोडली की क्लास पुन्हा छेदावर येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. जोडल्यावर क्लास लहान होणार असेल आणि रेंज लांब असेल, तर जोडू देऊ नका. एलएलव्हीएम अशा बाबतीत बराच उदार आहे, पण त्याच्याकडे नंतर तोडून रुंद करायची सोय आहे. तुमच्याकडे ती येईपर्यंत कडक राहा.

शेवटी जोड्या, कारण १६ बिट मूल्यं हाताळायला लागलात की हाच प्रश्न वेगळ्या रूपात येईल. एव्हीआर-जीसीसीत एकापेक्षा जास्त बाइटांचं मूल्य सम क्रमांकाच्या रजिस्टरपासूनच सुरू होतं. वरच्या सोळांत अशा आठ जोड्या. आठ सुटे बाइट आठ वेगवेगळ्या जोड्यांत एकेक बसले, तर आठ रजिस्टरं रिकामी असूनही एकही जोडी मिळत नाही. नुसती रिकामी रजिस्टरं मोजणारा अलोकेटर इथे फसतो. मायकेल स्मिथ, नॉर्मन रॅमसे आणि ग्लेन हॉलोवे यांनी २००४ मध्ये यावर नेटका मार्ग मांडला. प्रत्येक क्लासची रजिस्टरं मोजायची, आणि क्लासांच्या प्रत्येक जोडीसाठी एक आकडा ठेवायचा: त्या दुसऱ्या क्लासचं एक मूल्य या क्लासमधली जास्तीत जास्त किती रजिस्टरं अडवू शकतं? सुटा बाइट एक जोडी अडवतो, जोडी दोन सुटे बाइट अडवते, आणि खालच्या सोळांपुरतं मर्यादित मूल्य वरचं काहीच अडवत नाही. शेजाऱ्यांच्या (एकाच वेळी जिवंत असलेल्या इतर मूल्यांच्या) या आकड्यांची बेरीज क्लासच्या संख्येपेक्षा कमी असेल तर जागा मिळणारच, असं खात्रीने म्हणता येतं. तुमच्या लिनिअर स्कॅनला रंगांचा आलेख नाही, पण दाब (रजिस्टरांची एका वेळची मागणी) मोजताना हेच आकडे वापरता येतात. शिवाय सुटे बाइट वाटताना आधीच अर्धी भरलेली जोडी पहिल्यांदा द्यायची, एवढा नियम क्रमात घातलात तरी बऱ्याच जोड्या अखंड राहतात.

पडताळून पाहायला एक छोटं फंक्शन घ्या आणि एव्हीआर-जीसीसीला आयआरएचा आरटीएल डंप (त्या टप्प्याची आतली नोंद) काढायला सांगा. त्यात प्रत्येक व्हर्च्युअल रजिस्टरसमोर पसंतीचा, पर्यायी आणि वाटपाचा असे तिन्ही क्लास आणि खाली रकान्यांचे खर्च छापलेले मिळतात. तुमच्या बेरजा त्या आकड्यांशेजारी मांडा. आकडे जुळणार नाहीत, मापं वेगळी आहेत. पण क्रम जुळायला हवा. जिथे क्रम उलटा दिसेल तिथे बहुधा तुमच्या इन्स्ट्रक्शनच्या यादीत एखादा पर्याय लिहायचा राहून गेलेला असेल.